पदराची उलटी बाजू : लघुउद्योजकाने ब्लॉग का लिहावा?

येवल्याच्या पेठेत पैठणी पाहायला आलेला ग्राहक बहुधा तीन प्रश्न विचारतो. ही हातमागाचीच आहे हे कशावरून? समोरच्या दुकानात अशीच साडी निम्म्या किमतीत कशी मिळते? आणि जर काळी तर पडणार नाही ना? विणकर किंवा दुकानदार साडी उलगडतो, पदर उलटा करून दाखवतो, एखादा धागा बोटाने उचलून दाखवतो आणि पाचेक मिनिटांत समोरच्या माणसाची शंका फिटते. हेच उत्तर तो दिवसातून अनेकदा देत असतो. संध्याकाळी दुकानाचे शटर खाली येते, तेव्हा ते उत्तरही शटरमागे बंद होते. रात्री अकरा वाजता पुण्यात, ठाण्यात किंवा थेट न्यू जर्सीत बसून तोच प्रश्न मोबाइलवर टाइप करणाऱ्या ग्राहकाला मात्र उत्तर देणारा कोणी दुसराच असतो. पुष्कळदा तर यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून खपवणाराच त्याचा गुरू होतो.

छोट्या उद्योगाला ब्लॉगचा उपयोग काय, या प्रश्नाचे मर्म या पाच मिनिटांत आहे. ब्लॉग म्हणजे जाहिरात नव्हे आणि 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटीही नव्हे. गिऱ्हाइकाला तोंडी दिलेले उत्तर एकदा नीट लिहून ठेवणे आणि ते कोणालाही, केव्हाही सापडेल अशा जागी ठेवणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. आठवड्याला लेख पाडायचा, त्यात हवे ते शब्द पेरायचे आणि गूगलची वाट पाहायची, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो सल्ला ऐकून सुरू झालेले बहुतेक ब्लॉग तीन महिन्यांत ओस पडतात, हेही आता सर्वांच्या पाहण्यात आहे.

शब्द नवा, रीत जुनी

'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर या अमेरिकी लेखकाने १९९७मध्ये वापरात आणला. १९९९मध्ये पीटर मेरहोल्झ याने गमतीने त्याचे 'वी ब्लॉग' असे तुकडे केले आणि 'ब्लॉग' रूढ झाला. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही विनामूल्य सेवा सुरू झाली. २००३मध्ये 'वर्डप्रेस' आले. मराठीत 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' असे दोन सुरेख शब्द घडवले गेले, पण तोंडी राहिला तो ब्लॉगच. तारीखवार नोंदी, सर्वांत नवी नोंद सर्वांत वर, खाली वाचकांना बोलण्याची सोय, असे त्याचे रूप.

परंतु आपल्या धंद्याविषयी धंदेवाल्यानेच लिहायचे, ही रीत नाशिकला नवी नाही. तिचे एक ठळक उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते चक्क दादासाहेब फाळके यांचे आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या काळाच्या हिशेबात ते एक लघुउद्योजकच होते. भांडवल तुटपुंजे, कामगार म्हणजे घरची माणसे आणि माल असा, की तो काय असतो हेच लोकांना ठाऊक नाही. १९१२मध्ये इंग्लंडहून यंत्रसामग्री आणल्यावर पैसे उभे करण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसागणिक चित्रित केली आणि ती छोटी फिल्म निवडक मंडळींना दाखवली. आपला धंदा कसा चालतो, हे दाखवूनच त्यांनी भांडवल मिळवले. १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्यानंतर त्यांनी आपले बस्तान नाशिकला हलवले.

त्यांची पुढची पावले आजच्या उद्योजकाने नीट पाहावीत. १९१७मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढला. त्यात स्वतः फाळके दिग्दर्शन करताना आणि फिल्मवर काम करताना दिसतात. त्याच वर्षाच्या अखेरीस 'नवयुग' मासिकात त्यांची लेखमाला सुरू झाली आणि १९१८मध्येही ती चालू राहिली. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपल्याला राम आणि कृष्ण पडद्यावर कसे दिसू लागले, या व्यवसायासाठी काय काय सोसावे लागले, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले. १९१८मध्येच भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' नाशकात उभी राहिली. लेखांमुळे भागीदार आले असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र चित्रपट काढणारा माणूस नेमके काय करतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या माणसाकडूनच कळले, एवढे खरे.

दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना थाटला, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांत समज होता. असा समज जाहिरातीच्या एका चौकटीने जात नाही. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३०मध्ये त्याला 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' अशी भावंडे मिळाली आणि मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडवण्यात त्यांनी मोठा वाटा उचलला. नांगर विकण्यासाठी निघालेल्या पत्रकाचा एवढा विस्तार व्हावा, हे नशिबाचे नव्हे. गिऱ्हाइकाला वाचक मानल्याचे फळ आहे. (प्रत्येक कारखानदाराने मासिक काढावे असा याचा अर्थ नाही. शंकररावांसारखा संपादक घरात असावा लागतो!)

इंटरनेटच्या काळातले उदाहरण द्यायचे तर लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीत शिकलेल्या टॉमस मॅहन यांचे देता येईल. जानेवारी २००५मध्ये त्यांनी 'इंग्लिश कट' हा ब्लॉग सुरू केला. हाताने शिवलेला कोट कसा ओळखावा, कापड कसे बेतले जाते, तयार कोटात काय पाहावे, असे एकेक विषय त्यांनी साध्या बोलीत मांडले. गल्लीतले बडे दुकानदार आपली कला गुपित मानत होते. मॅहन यांनी ती उघड केली आणि अटलांटिकपलीकडचे ग्राहक त्यांना शोधत आले.

येवल्याने काय लिहावे?

आता पुन्हा पैठणीकडे. 'पैठणी साड्या व वस्त्रे' यांना २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. ग्राहकाच्या डोळ्यांना शिक्षण मिळत नाही. ते देण्याचे काम ज्याच्या हातात धोटा आहे त्यालाच करता येते.

उदाहरणार्थ, पदराच्या उलट्या बाजूचे एक स्पष्ट छायाचित्र आणि त्याखाली दहा ओळी. हातमागाच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या लहान कांडीने, धागे एकमेकांत अडकवत विणला जातो. त्यामुळे मोर असो, मुनिया असो वा कमळ, दोन्ही बाजूंनी नक्षी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रावरच्या जॅकार्ड नक्षीत न लागणारे धागे मागच्या बाजूने मोकळे धावतात किंवा ते कापून टाकल्याची टोके दिसतात. एवढे कळले, तरी ग्राहक निम्मी फसवणूक स्वतः टाळू शकतो.

दुसरी नोंद मार्कांविषयी. हे तर अनेक दुकानदारांनाही नीट सांगता येत नाही. २००४मध्ये सुरू झालेला 'सिल्क मार्क' रेशीम शुद्ध असल्याची खूण आहे. साडी हातमागाची असल्याची ती ग्वाही नाही. शुद्ध रेशमाची पण यंत्रमागावर विणलेली साडी सिल्क मार्क लावून अगदी रीतसर विकता येते. हातमागासाठी २००६मध्ये सुरू झालेला 'हँडलूम मार्क' निराळा. या दोन खुणांची गल्लत हीच ज्यांच्या व्यवसायाची मिळकत आहे, ते हा खुलासा कधीच करणार नाहीत. येवल्यातल्या विणकराने तो करावा.

तिसरी नोंद किमतीची. साडीच्या कामानुसार विणकराचे काही आठवडे किंवा काही महिने एका नगावर जातात. एकधोटी, साध्या बुट्टीची साडी आणि भरगच्च पदराची साडी यांच्या किमतीत अंतर का, रेशीम आणि जर यांचा खर्च किती, मजुरी किती, हे मोकळेपणाने लिहिले तर 'समोर निम्म्यात मिळते' या वाक्याला दुकानात उत्तर देत बसावे लागत नाही. यंत्रमागाची साडी विकणे हा गुन्हा नव्हे, ज्याला तेवढेच परवडते त्याने ती खुशाल घ्यावी. हातमागाच्या दराने आणि हातमागाच्या नावाने ती गळ्यात मारली जाते, तेव्हा एक घर फसते आणि दुसऱ्या घरातला माग थांबतो. मुलाने मागावर बसावे की नाही, हा प्रश्न विणकराच्या घरात अशा विक्रीमुळेच उभा राहतो.

जर काळी पडू नये म्हणून साडी मलमलच्या कापडात ठेवावी, अत्तराचा फवारा तिच्यावर मारू नये, अधूनमधून घडी बदलावी. दशीतला एक धागा जाळून पाहिला तर रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम धाग्याची मात्र कडक गोळी होते. अशा आठ-दहा नोंदी झाल्या की विणकराचा ब्लॉग पुरा झाला असे समजायला हरकत नाही. दर आठवड्याला नवे काही सुचलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

मळा आणि कारखाना

द्राक्ष बागायतदाराची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा बहुतेक माल व्यापाऱ्यामार्फत जातो, त्यामुळे 'मी कोणासाठी लिहू?' असे तो विचारेल. पण जो बागायतदार थेट शहरात पेट्या पाठवतो किंवा स्वतःचे बेदाणे विकतो, त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मण्यांवरचा पांढुरका थर पाहून शहरी ग्राहक 'औषध मारलेले दिसते' म्हणून घड परत ठेवतो. तो थर फळाचे स्वतःचे नैसर्गिक मेण असतो, बोटाने पुसला जातो आणि फळ ताजे असल्याचीच ती खूण असते. औषधाचे डाग वेगळे दिसतात. हा फरक दाखवणारी दोन छायाचित्रे शंभर खुलाशांचे काम करतील. बेदाण्याचा पिवळा रंग गंधकाच्या धुरीने येतो, हेही लपवण्यासारखे नाही. धुरी न दिलेला बेदाणा काळपट का दिसतो आणि तरीही काही ग्राहक तोच का मागतात, हे सांगितले की दोन्ही माल आपापल्या गिऱ्हाइकाकडे जातात.

बागायतदाराला विश्वासाची किंमत २०१०च्या हंगामात कळली. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश आढळल्याने युरोपातल्या बाजारांनी भारतीय द्राक्षे नाकारली आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. 'ग्रेपनेट' ही बागेपर्यंत माग काढणारी व्यवस्था अपेडाने २००६मध्येच उभारली होती. परदेशी खरेदीदाराला त्यामुळे पेटी कोणत्या बागेतली हे कळते. दादरच्या किंवा कोथरूडच्या ग्राहकाला अशी सोय नाही. एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत आणि पुढे तोडणीपर्यंत कोणती फवारणी केव्हा केली, शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले, याची तारीखवार नोंद बागायतदाराकडे असतेच. ती उघड ठेवणे म्हणजे ब्लॉगच. लेखनकौशल्य त्याला फारसे लागत नाही, फक्त खरे लिहिण्याची तयारी लागते.

सातपूर आणि अंबडच्या वसाहतींतले लहान कारखानदार या विषयावर हसतील, कारण त्यांचे ग्राहक पाच-सातच. एखाद्या मोठ्या कंपनीचे जॉबवर्क मिळाले की वर्ष निघते. पण त्या कंपनीच्या गाड्यांची मागणी घटली की पहिली कात्री या शेडवर चालते आणि तेव्हा नवे गिऱ्हाईक कोठून आणायचे हा पेच पडतो. अशा वेळी कोइमतूरचा किंवा राजकोटचा एखादा अभियंता पातळ भिंतीच्या ॲल्युमिनियमच्या भागाला यंत्रणात बाक का येतो, याचे उत्तर शोधत असतो. अंबडच्या ज्या कारखानदाराने त्या बाकावर फिक्स्चर बदलून मात केली आहे, त्याने ती हकिकत लिहिलेली असेल तर दूरध्वनी त्यालाच येईल. ग्राहकाचे ड्रॉइंग, त्याचे नाव, त्याच्या भागाचे छायाचित्र यांतले काहीही परवानगीविना टाकू नये, हे मात्र कटाक्षाने पाळावे. एका लेखासाठी जुने गिऱ्हाईक गमावणे परवडणारे नाही. असा लेख इंग्रजीत लिहिणेच सोयीचे, हेही मान्य केले पाहिजे.

जागा स्वतःची असावी

पैठणी, द्राक्षे, बेदाणे यांसाठी मराठीतच लिहावे. ग्राहक मनातल्या मनात ज्या भाषेत विचारतो, त्याच भाषेत तो शोधतो. येथे एक जुने दुखणे आडवे येते. छपाईवाल्याकडून पत्रक करून घ्यायचे आणि त्याचे चित्र तसेच इंटरनेटवर चिकटवायचे, ही आपली सवय. चित्रातली अक्षरे शोधयंत्राच्या दृष्टीने बव्हंशी मुकी राहतात. छापखान्यातल्या जुन्या फाँटमधला मजकूरही युनिकोडमध्ये आणल्याशिवाय निरर्थक खुणांसारखा दिसतो. मोबाइलवर मराठी टाइप करता येणाऱ्या आजच्या पिढीला हे अवघड नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवावे, वडिलांनी सांगावे, तिने लिहावे. शब्द वडिलांचेच ठेवावेत. 'धोटा'च्या जागी तिने 'शटल' केले तर लेखातला प्राण जातो.

लिहायचे कोठे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. जिओसिटीज २००९मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४मध्ये, गूगल प्लस २०१९मध्ये. जून २०२०मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि ज्यांची सारी गिऱ्हाइकी तेथे होती त्यांचा पसारा एका रात्रीत उठला. फेसबुक आणि इन्स्टाग्राम जरूर वापरावे, पण ते आठवडे बाजारातले पाल आहे. स्वतःच्या नावाचा डोमेन घेऊन त्यावर लेख ठेवले तर खालची सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. वार्षिक खर्च दुकानाच्या एका फ्लेक्सपेक्षा फार नसतो. २०१४पासून '.भारत' या देवनागरी नावाचाही पर्याय आहे. तथापि सर्वांना टाइप करणे जमेल असे नाव घेणे शहाणपणाचे.

काय लिहू नये, यालाही मर्यादा आहेत. बेदाण्याने अमुक रोग बरा होतो, काढ्याने मधुमेह जातो असले दावे १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंडाची तरतूद आहे. ब्लॉग माझा आहे, जाहिरात नव्हे, हा बचाव टिकेलच असे नाही. नाशिक परिसरातल्या लहान वायनरींनी तर विशेष जपावे, कारण मद्याच्या जाहिरातीवर कडक निर्बंध आहेत. द्राक्षवेल, माती, हवामान यांविषयी लिहिण्यापूर्वीही जाणकाराचा सल्ला घेतलेला बरा.

ब्लॉग सर्वांनाच हवा असेही नाही. नाशिकच्या मिसळीच्या दुकानापुढे रविवारी सकाळी जी रांग लागते, तिला लेख नको, तर्री हवी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे काम व्हॉट्सॲपवर भागते. ज्या मालाची किंमत मोठी, पारख अवघड आणि खरेदी क्वचित, तेथेच लेखाचे मोल. पैठणी, चांदीची भांडी, तांब्या-पितळेची घडीव भांडी, यंत्राचे सुटे भाग, घरबांधणी ही त्यातली. शिवाय फळ लगेच येत नाही. पहिले सहा महिने वाचणारे दहा जण आणि त्यातले चार नातेवाईक, अशीच स्थिती असते.

आणखी एक बदल ध्यानात घ्यावा लागेल. २०२४पासून गूगल अनेक प्रश्नांची यंत्राने रचलेली उत्तरे पानाच्या शिरावरच दाखवू लागले आहे. 'पैठणीचा इतिहास' असा सर्वत्र सापडणारा मजकूर लिहून आता वाचक मिळणे कठीण. तसला मजकूर यंत्र क्षणात तयार करते. यंत्राला जे ठाऊक नाही ते म्हणजे तुमच्या मागावर या महिन्यात काय झाले. डिसेंबर २०२२मध्ये गूगलने आपल्या परीक्षकांसाठीच्या सूचनांत लेखकाच्या प्रत्यक्ष 'अनुभवा'चा निकष मुद्दाम घातला तो यासाठीच. भाड्याने लिहून घेतलेल्या दहा लेखांपेक्षा विणकराच्या तोंडचा एक लेख आज अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

लग्नसराईची खरेदी तुळशीच्या लग्नाआधीच सुरू होते. ज्यांना या हंगामासाठी लिहायचे आहे, त्यांनी गणपतीपर्यंत पहिल्या तीन-चार नोंदी टाकलेल्या बऱ्या. सुरुवात कशाने करावी असा प्रश्न पडला, तर सकाळच्या उजेडात पदर उलटा टांगावा आणि त्याचे छायाचित्र घ्यावे.